वासंतीकाकूंच्या नावावरचे शब्द

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या मंडळाचे आधारस्तंभ माननीय प्रतापराव निंबकर, प्रमुख पाहुण्या डॉक्टर शुभदाताई टिल्लू, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती वासंती ओगले, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वासंतीकाकू, त्यांचे चिरंजीव अजितदादा, सुचित्रावहिनी, एवढ्या पावसात गिरावीनच्या या हॉलपर्यंत गाड्या हाकत आलेल्या बंधुभगिनींनो, आणि पुण्याहून लॅपटॉपच्या पडद्यावर आपल्याकडे बघत बसलेले माझे आईबाबा, सर्वांना माझा सविनय नमस्कार.

मी शंतनू उपासनी. प्रतापराव मला म्हणाले, काकूंच्या वर्गातला एक विद्यार्थी बोलायला हवा, तू बोल. मी म्हणालो, हृषिकेश छान बोलतो. हृषिकेश म्हणाला, चिन्मयी छान बोलते. चिन्मयीने फोनच उचलला नाही. असा मी आपल्यापुढे उभा आहे. मुळात मी भित्रा माणूस आहे. हे मी विनयाने सांगत नाही. माझी बायको मैथिली तिसऱ्या रांगेत बसली आहे, ती साक्ष देईल. घरात तळहाताएवढा हंट्समन कोळी निघाला की टेबलावर मी चढतो आणि झाडू ती घेते.

प्रतापरावांनी काकूंच्या कार्याचा आढावा घेतला, शुभदाताईंनी त्यांच्या तब्येतीचा घेतला. माझ्याकडे उरली ती एक गोष्ट. ती सांगावी की नाही याबद्दल घरी बरीच चर्चा झाली. मैथिली म्हणाली, "सांग एकदाची, नाहीतर पोटात ठेवून आजारी पडशील." आजार हा शब्द तिने उच्चारला आणि मी तिला गप्प केलं. का केलं, ते पुढे कळेल.

मंडळी, कोविडचे पहिले दिवस आठवतात ना? माझं uni संपलेलं, अकाउंटिंगची डिग्री भिंतीवर, आणि मी वेअरहाउसमध्ये खोके भरत होतो. व्हिसा तात्पुरता. तात्पुरत्या लोकांनी आता आपापल्या देशी जावं, असं टीव्हीवरून सांगून झालं होतं, आणि जायला विमानं नव्हती. इथे कायमचं राहायचं तर पॉइंट्स हवेत, आणि माझे पॉइंट्स भरायचे तर इंग्रजीच्या परीक्षेत सगळ्यात वरच्या गटात बसायला हवं. मी दोनदा बसलो आणि दोनदा आपटलो. कारण एकच, शब्द. ते जाडजूड, कुणी कधी बोलत नाही असे शब्द. सकाळी पाठ केलेला शब्द arvo पर्यंत, म्हणजे दुपारपर्यंत, नाहीसा. व्हिसा संपायच्या आत हे जमलं नाही तर आम्ही दोघांनी बॅगा भरायच्या, इतकं ते सरळ होतं.

काकू त्याच सुमारास थोड्या दिवसांसाठी लेकाकडे आल्या आणि सीमा बंद झाल्यामुळे अडकल्या. पुण्यात एका बँकेच्या भाषांतर विभागात त्यांनी उभी हयात काढलेली. रिकामं बसणं त्यांना ठाऊक नाही. सुचित्रावहिनींच्या मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या त्या गोल फिरत्या दांडीखाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून त्यांनी आमचा वर्ग सुरू केला. फी विचारली तर म्हणाल्या, "येताना विरजण घेऊन या, इथल्या दह्याचं मला काही जमत नाही."

त्यांची युक्ती मी सांगतो. आपल्यापैकी ज्यांची मुलं सिलेक्टिव्ह स्कूलच्या परीक्षेला बसणार आहेत त्यांनी लक्ष द्यावं. काकू म्हणायच्या, "शब्द डोक्यात राहत नसतो रे. माणूस राहतो. प्रत्येक शब्द आपल्या एकेका माणसावर टांगायचा. माणूस घरातला हवा आणि जिवंत हवा. आणि तो ते करताना डोळ्यासमोर दिसायला हवा, थोडा वाढवून, पुरणात वेलची घालतो तसा."

मग काय, आमच्या सगळ्या नातेवाइकांना कामाला लावलं. गॅर्युलस म्हणजे अखंड बोलणारा. माझी चित्राआत्या. राँग नंबर लागला तरी ती त्या माणसाच्या मुलीच्या लग्नापर्यंत पोचते. पार्सिमोनियस म्हणजे चिक्कू. हृषिकेशचे मामा, पाहुण्यांना चहा विचारताना "घेऊन आला असाल ना?" असं विचारणारे. लुगूब्रियस म्हणजे रडकं तोंड करून बसलेला. तिथे कुणाचं नाव टांगलं ते सांगत नाही, ते मंडळाच्या कार्यकारिणीत आहेत. हसू नका, ते इथेच आहेत.

युक्ती फार चालली. आम्हाला एकमेकांचे नातेवाईक पाठ झाले. चिन्मयीच्या बहिणीच्या ऑनलाइन लग्नात तिची हट्टी मावशी पडद्यावर आली आणि आम्ही तिघे एकदम "ऑब्स्टिनेट" म्हणालो, नशिबाने म्यूटवर. मी घरात येरझाऱ्या घालत मोठ्यांदा बोलून पाठ करायचो. चित्राआत्या गॅर्युलस, चित्राआत्या गॅर्युलस. मैथिली कानात हेडफोन घालून बसायची.

आणि मग आजारपणाचे शब्द आले. आता बाबा, तुम्ही ऐकताय, पुढचं मनाला लावून घेऊ नका. इमेशिएटेड म्हणजे खंगलेला, हाडं दिसणारा. माझे बाबा, मुरलीधर उपासनी, आधीपासूनच काटक. बनियनवर गॅलरीत उभे राहिले की बरगड्या मोजता येतात. टांगला. मॉरिबंड म्हणजे मरणाच्या दारात असलेला. बाबा जेवण झाल्यावर आरामखुर्चीत झोपतात, तोंड उघडं, चेहऱ्यावर पेपर. तोही टांगला. कोमॅटोज, बेशुद्ध पडलेला, तोही त्याच खुर्चीत. मला ते गमतीचं वाटलं होतं. महिनोन्‌महिने मी आमच्या घरात येरझाऱ्या घालत मोठ्यांदा म्हणत होतो, बाबा मॉरिबंड, बाबा कोमॅटोज.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये बाबांना कोविड झाला.

पुण्याची तेव्हाची अवस्था मी इथे सांगायला नको. या हॉलमध्ये असं एक घर नसेल ज्याने त्या महिन्यात बेडसाठी फोन फिरवले नाहीत. माझ्या मावसभावाने कुठून तरी बेड मिळवला. मी निघायचं म्हटलं तर तात्पुरत्या व्हिसावाल्याला परत येता येणार नाही, आणि मग तिकडून येणारी-जाणारी विमानंच थांबली. आई घरी एकटी. मी फोनवर रडत म्हणालो, "आई, बाबा जगतील ना गं?" आणि आई एकदम कडक आवाजात म्हणाली, "शंतनू, घरात असलं अभद्र बोलू नकोस. वास्तू तथास्तु म्हणत असते."

आपल्याकडे हे वाक्य कुणाला माहीत नाही? लहानपणी ताटात भात टाकून "मी मरतो आता" म्हटलं की पाठीत धपाटा आणि वर हे वाक्य. घराची वास्तू सगळं ऐकते आणि कधी तथास्तु म्हणेल सांगता येत नाही. मी फोन ठेवला आणि मोजायला लागलो. मी किती वेळा म्हणालो होतो? आणि कुणाबद्दल? आपल्या बापाबद्दल, त्याचं नाव घेऊन, मोठ्यांदा.

मी सुशिक्षित माणूस आहे हो. मी स्वतःशी युक्तिवाद केला. भाड्याच्या फ्लॅटला वास्तुपुरुष असतो का? असला तर त्याला पुण्यातली माणसं कशाला ठाऊक असणार? आणि मी तर इंग्रजीत बोललो होतो. मग लक्षात आलं, इथल्या वास्तूला दुसरं काय येत असणार? माझं एकेक वाक्य तिला नीट कळलं असणार. त्यानंतर त्या घरात मी कुजबुजून बोलायला लागलो. मैथिलीने डाळ उतू गेली असं म्हटलं तरी दचकायचो.

परीक्षा तोंडावर आली होती. अभ्यासाला बसलं की ते शब्द समोर येत, आणि शब्द आला की बाबा येत, तोंड उघडं टाकलेले. व्हॉट्सॲपवर मावसभाऊ फोटो पाठवायचा, त्यात बाबा आता तसेच दिसत होते. युक्तीची हीच तर खुबी, विसरता येत नाही. मी ते शब्द दुसऱ्यावर टाकून बघितले. आमच्या रिअल इस्टेट एजंटवर टाकले, ते चिकटले नाहीत, तो आपला माणूस नव्हे. आपलं माणूस घ्यावं तर कुणाचं नाव घेऊ? मैथिलीला सहज विचारलं तर ती म्हणाली, "माझ्या घरच्या एका जरी माणसाला हात लावलास तर बघ."

शेवटी मी परीक्षा रद्द करायचं ठरवलं. मैथिलीने हात जोडले. "अरे, व्हिसा संपतोय. याच्यानंतर तारीख नाही आपल्याकडे. बाबांनी तुला इथे कशाला पाठवलं?" मी म्हणालो, परीक्षेच्या त्या खोलीत बसून मी तो शब्द वाचू शकत नाही. माझ्याने होणार नाही. तेव्हा तिने मला गाडीत घातलं आणि काकूंच्या अंगणात नेऊन सोडलं.

काकू विळीवर कैरी चिरत होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी मला झापलं. "एवढा शिकलेला बाप्या तू, आणि हे काय डोक्यात घेऊन बसलास? शब्दाने माणसं मरत असती तर आमच्या बँकेत एकही मॅनेजर उरला नसता." मी म्हटलं, काकू, मला कळतंय, पण भीती जात नाही. त्यांनी कैरीचा चीक पुसला, विळी मिटून ठेवली आणि म्हणाल्या, "दे इकडे."

मी म्हटलं, काय देऊ?

"ते तीन शब्द. माझ्यावर टाक."

मंडळी, मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, काकू, भलतंसलतं बोलू नका, तुमचं वय काय. त्या म्हणाल्या, "आपण होऊन दुसऱ्याच्या गळ्यात टाकू नये, हे खरं. पण कुणी हात पुढे करून मागितलं तर द्यावं. मी मागतेय. मला त्या वास्तू-बिस्तूचं काही वाटत नाही." आणि मी नको नको म्हणत असताना, ही सत्तरी ओलांडलेली बाई, अंगात पंजाबी ड्रेस, पायात नातवाचे स्पोर्ट्स शूज, अंगणातल्या आडव्या खुर्चीवर जाऊन पडली. चेहऱ्यावर सुपरमार्केटचं पत्रक घेतलं. तोंड उघडं टाकलं. पत्रकाखालून आवाज आला, "बघ नीट. हे मॉरिबंड. बघितलंस?" मग पत्रक काढून गाल आत ओढले. "हे इमेशिएटेड. हनुवटी बघ माझी." मग एक हात खुर्चीखाली लोंबकळत सोडून त्या निपचित पडल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सुचित्रावहिनींनी ते बघितलं आणि त्या ओल्या हातांनी धावत आल्या, "आई, अहो आई, काय होतंय?" काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "शिकवतेय गं. जा तू."

मला हसू यायला हवं होतं. मला आलं नाही. मी घाबरून बघत राहिलो आणि ते चित्र डोक्यात खिळ्यासारखं बसलं. उठताना त्या म्हणाल्या, "आता तुझ्या बाबांची खुर्ची रिकामी झाली. तिथे चांगला शब्द बसव. कॉन्व्हलेसंट. आजारातून बरा होत असलेला. उठून बसलेत आणि पेज नको म्हणून तक्रार करताहेत, असे दिसू देत."

मी परीक्षेला बसलो. त्यातले दोन शब्द खरोखर आले आणि दोन्ही वेळा काकू येऊन पडल्या. सगळ्यात वरचा गट मिळाला. त्याच आठवड्यात बाबा घरी आले. आईच्या सांगण्याप्रमाणे ते पहिलं वाक्य बोलले ते पेजेबद्दलच होतं. व्हिसाचे कागद गेले. आपण म्हणाल, मग झालं की, no worries. मलाही तसंच वाटलं होतं.

जुलैमध्ये आपल्या भागात डेल्टा शिरला. कुणी घराबाहेर पडू नये म्हणून आपल्या डोक्यावरून पोलिसांची हेलिकॉप्टरं फिरत होती ते दिवस. ऑगस्टमध्ये सुचित्रावहिनींचा मेसेज आला, आईंना ॲम्ब्युलन्सने नेलंय, ऑक्सिजन लावलाय.

मी आयुष्यात पुष्कळ घाबरलोय. पण ती भीती वेगळी होती. बाबांच्या वेळी निदान मला वाटत होतं की मी चुकून बोललो. इथे तर मी जाणूनबुजून, एकेक शब्द नीट बघून, त्यांच्यावर टाकला होता, त्यातून पास झालो होतो आणि व्हिसा घेत होतो. मला जेवण जाईना. मैथिलीलाही सांगवेना. एकदा काकूंनी वॉर्डमधून फोन उचलला. धापा टाकत होत्या. मी म्हणालो, "काकू, ते शब्द मला परत द्या. मी मागतोय." त्या म्हणाल्या, "नाही देत." आणि फोन नर्सकडे गेला.

काकू बऱ्या झाल्या, म्हणूनच आपण आज इथे आहोत. लॉकडाउन उठल्यावर आम्ही तिघं, मी, चिन्मयी आणि हृषिकेश, डबे घेऊन त्यांना भेटायला गेलो. केवढ्याशा झाल्या होत्या. चिन्मयीने त्यांना बघितलं आणि ती एकदम रडायलाच लागली. "काकू, माझ्यामुळे झालं हे. माझ्या आईवरचा शब्द तुम्ही घेतला होतात." हृषिकेश म्हणाला, "तुझ्यामुळे? अगं, मी माझ्या आजोबांवरचे दिले होते." मग मी माझं सांगितलं. काकूंनी आमच्यातल्या प्रत्येकाकडून, वेगवेगळ्या वेळी, हात पुढे करून, सगळं अभद्र आपल्या अंगावर घेतलं होतं. वर्गातले सगळे वाईट शब्द त्या एका बाईवर होते.

मी विचारलं, "काकू, तुम्हाला खरंच काही वाटत नव्हतं?"

त्या म्हणाल्या, "वाटत नव्हतं कसं? मी काय आभाळातून पडले? माझ्या सासूबाईंनी जन्मभर हेच सांगितलं मला. तुम्ही गेलात की मी देवापाशी जाऊन बसायचे. दिवा लावायचे. रोज भ्यायचे मी."

"मग घेतलेत कशाला?"

"अरे, तुमची माणसं तिकडे होती. तिथे बेड नव्हता, ऑक्सिजन नव्हता. मी म्हटलं, वास्तूला तथास्तु म्हणायचंच असेल तर जिच्या दारात ॲम्ब्युलन्स येते तिच्यावर म्हणू दे. एवढंच. इथे दवाखाना पाच मिनिटांवर आहे."

हृषिकेशने उठून डबे उघडले.

आता पश्चिमेच्या, म्हणजे पर्थकडच्या राज्याची सीमा उघडली आहे, अजितदादांची बदली तिकडच्या खाणीवर झाली आहे आणि काकू त्यांच्याबरोबर कालगुर्लीला चालल्या आहेत. परवा अजितदादा मला कौतुकाने सांगत होते, गाव छान आहे, दवाखाना आहे, डॉक्टर आपल्यातलेच आहेत, फक्त मोठं काही निघालं तर विमानाने पर्थला न्यावं लागतं. ते सहज बोलून गेले. मी तेव्हापासून धड झोपलेलो नाही. काकूंचाच हिशेब आहे हा. दवाखाना ज्याच्या जवळ, शब्द त्याच्याकडे. मग आता ते काकूंकडे राहून कसं चालेल?

म्हणून आम्ही तिघं भेटलो आणि ठरवलं. चिन्मयीने इमेशिएटेड घेतला. म्हणाली, डाएट तरी होईल. कोमॅटोज हृषिकेशकडे गेला, त्याची बायको म्हणते तो रविवारी तसाच असतो. मॉरिबंड उरला. दोघांपैकी कुणीच माझ्याकडे बघितलं नाही. ते मला ओळखतात. मी म्हणालो, माझा आहे तो, मी घेतो.

काकू, मान हलवू नका. फोनवर तुम्ही नाही म्हणालात, तेव्हा तुम्ही आजारी होतात म्हणून मी ऐकलं. आज सगळ्यांसमोर हात पुढे करून मागतोय, आणि कुणी मागितलं तर द्यावं हे तुम्हीच शिकवलंत. चित्रही तुम्ही सांगितलंत तसंच केलंय. माझ्या घरचा सोफा, चेहऱ्यावर पेपर, तोंड उघडं, आणि पेपराखाली मी. अगदी पक्कं बसलंय. तेव्हापासून मी त्या सोफ्यावर टेकलेलो नाही. पण तुम्ही विमानात बसाल तेव्हा तुमच्या अंगावर असा एकही शब्द असता कामा नये. हलक्या अंगाने जा.

आई, कॉल बंद करू नकोस. मैथिली, तू घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढं दोघांना पुरेल.

मंडळाने मला बोलायची संधी दिली, अध्यक्ष महोदयांनी घड्याळाकडे बघूनही मला थांबवलं नाही, सुचित्रावहिनींनी त्या अंगणात आम्हाला इतके दिवस सहन केलं, या सर्वांचा मी ऋणी आहे. निरोपाच्या मंगल प्रसंगी नको ते शब्द नको तितक्या वेळा तोंडातून गेले. कुणाच्या मनाला लागले असतील तर मोठ्या मनाने पोटात घालावं. आणि आणखी कुणी ते ऐकत असेल, तर त्यानेही एवढं लक्षात ठेवावं की ते आता शंतनू उपासनीचे आहेत, दुसऱ्या कुणाचे नाहीत.

नमस्कार.